तुटक रेघा

इजिप्तच्या थडग्यांतली चित्रलिपी कागदावर उतरवण्यात बाईंची उभी हयात गेली. चिन्ह शाबूत असेल तर सलग रेघ, झिजलेलं असेल तर तुटक, हे सरांनीच त्यांना हाताला धरून शिकवलं होतं.

आज सरांचं पुस्तक आलं. बायबलमधला योसेफ म्हणे बाईंनीच लिपी उतरवलेल्या एका थडग्यात पुरला होता. बाईंनी पुराव्याचं पान उघडलं. त्यांच्या चित्रातल्या तुटक रेघा कुणीतरी सलग केल्या होत्या आणि योसेफचं नाव ठसठशीत उमटलं होतं.

"सर, इथं तर भिंतीचा पोपडाच निघाला होता."

"अर्धवट नाव छापून लोकांना काय कळणार? आणि खाली बघा, तुम्हाला विसरलो नाही."

बाईंनी खाली पाहिलं. 'भिंतीवरून हुबेहूब नक्कल', आणि पुढे त्यांचं नाव होतं.