भुताचा उजवा कान

बिल्डिंगमध्ये तिला सगळे भूतवाली म्हणायचे आणि तिला त्याचा राग यायचा नाही. राग कशाला येईल? सकाळी नऊ ते तीन ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचांच्या कडा घासायची, त्या फ्रेममध्ये बसवायची आणि तीननंतर घरी येऊन भुतांची लग्नं जुळवायची. म्हणजे कादंबऱ्या लिहायची. एक जिवंत, एक मेलेला आणि दोघांचा एकमेकांवर जीव. दोन लिहून झाल्या होत्या, दोन्ही प्रकाशकांकडून साभार परत. तिसरी एका संपादिकेनं निदान शेवटपर्यंत वाचली आणि एका दुपारी तिचा फोन आला.

"भूत छान आहे हो," संपादिका म्हणाली, "पण त्यात माणूस कुठाय? उंच, गोरा, उदास डोळे, भला मोठा बंगला, वाऱ्यानं हलणारे पडदे. असली भुतं माझ्या टेबलावर आठवड्याला चार येतात. मला याच्या प्रेमात पडावंसं वाटलंच नाही. एक महिना देते. भूत बदला, घर बदला. नाही जमलं तर मात्र राहू द्या, पुन्हा वाचायला माझ्याकडे वेळ नाही."

आता बोला! चार वर्षं खपून लिहायचं आणि एका महिन्यात नवरामुलगा बदलायचा. भूतवालीनं फोन ठेवला आणि फ्रीजकडे बघत बसली. तिची कामाची एक पद्धत होती. कादंबरी सुरू करायच्या आधी ती भुताचे नियम चिठ्ठ्यांवर लिहून फ्रीजच्या दाराला चिकटवायची. भिंतीतून जातो. मनातलं ओळखतो. पाहिजे तेव्हा दिसतो, नको तेव्हा गायब. सासूबाईंना दूध काढायचं तर या सगळ्या नियमांसकट दार उघडावं लागायचं, आणि त्या कधी कुरकुरल्या नाहीत. उलट तिचं लिहिलेलं पहिल्यांदा वाचायचा मान त्यांचाच.

"काय म्हणाली गं ती?" सासूबाईंनी विचारलं. त्या टेबलाशी वाटाणे सोलत होत्या.

"भूत बदला म्हणाली."

"बरोबर आहे तिचं."

"आई! तुम्ही तर छान आहे म्हणाला होतात!"

"छानच आहे. पण त्याचं काही अडतच नाही गं कुठं. भिंतीतून जातो, मनातलं ओळखतो, भूक नाही, तहान नाही. अशा माणसाला बायको कशाला हवी? आणि ज्याला कशाचीच गरज नाही त्याला बाईनं द्यायचं तरी काय, डोंबल?"

भूतवाली फणकारून उठली. उठली खरी, पण ते वाक्य तिच्या डोक्यातून उठेना. चार दिवस तिनं नवे नवे नायक करून बघितले. जहाजावरचा बुडालेला कप्तान झाला, शापित चित्रकार झाला, एक घोडेस्वारही झाला. सगळे एकजात बिनकामाचे. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, तो म्हणाला, "एखादा लिफ्टमधे अडकलेला घे की, निदान हलणार तरी नाही." त्याला तिनं चहासुद्धा दिला नाही त्या दिवशी.

पाचव्या दिवशी पाच वाजता नेहमीप्रमाणे ती बाल्कनीत कपडे काढायला गेली. ही पाचची वेळ सासूबाईंची असायची. सासरे जाऊन सात वर्षं झाली होती, तरी रोज पाचला त्या चहाचा कप घेऊन सासऱ्यांच्या खुर्चीशेजारी बसायच्या आणि दिवसभराचं त्यांना सांगायच्या. आज वाटाणा कोवळा निघाला. खालच्या मजल्यावरच्या मुलीला नोकरी लागली. सून तेवढ्यात मुद्दाम बाहेर जायची, म्हातारीला ओशाळं वाटायला नको म्हणून. कपडे नसले तरी जायची. त्या दिवशी मात्र चिमटे ठेवायची टोपली आत राहिली म्हणून ती परतली आणि दारातच थबकली.

सात वर्षांत जे तिनं कधी नीट बघितलं नव्हतं ते तिला दिसलं. टेबलाच्या एका बाजूला तीन खुर्च्या, मधली सासऱ्यांची. तिच्या उजवीकडची खिडकीजवळ, तिथं ऊन येतं, रस्ता दिसतो. सासूबाई बसल्या होत्या डावीकडे, भिंतीला खेटून, अंधाऱ्या कोपऱ्यात. का, ते तिला माहीत होतं. सासरे तीस वर्षं लाकडाच्या वखारीत करवतीच्या मशीनवर उभे होते. मशीन उजव्या हाताला, त्यामुळे उजवा कान कायमचा गेला. सासूबाई जन्मभर त्यांच्या डाव्या बाजूनं चालल्या, डाव्या बाजूला बसल्या. आणि माणूस जाऊन सात वर्षं झाली तरी डाव्याच बाजूला बसून, जरा आवाज चढवून बोलत होत्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच! भूतवाली टोपली विसरली, पाण्यानं डोळे भरले ते पुसायचंही विसरली आणि तशीच आतल्या खोलीत जाऊन लिहायला बसली.

फ्रीजवरच्या जुन्या चिठ्ठ्या गेल्या. बंगला गेला, पडदे गेले. आता दोन खोल्यांचं घर होतं, स्वयंपाकघराच्या दाराची कडी जरा वर उचलून मगच सरकणारी. भूत होतं वखारीत काम करणारं, बुटकं, चेष्टेखोर. त्याला भिंतीतून जाता यायचं नाही, कडी उचलावी लागायची, आणि बायकोच्या मागं उभा राहिला की लाकडाच्या भुशाचा वास यायचा. त्याला मनातलं ओळखता येत नव्हतं. त्याला तर उजवीकडून बोललेलंही ऐकू येत नव्हतं. आता याचं पावलोपावली अडत होतं आणि त्यामुळेच कथा पळत होती.

फक्त या वेळी तिनं नव्या चिठ्ठ्या फ्रीजला लावल्या नाहीत. पानंही सासूबाईंना दिली नाहीत, चादरींच्या खाली दडपून ठेवली. चोराच्या मनात चांदणं! म्हाताऱ्या बाईचं एवढं एकच खासगी माणूस, ते न विचारता उचलून पुस्तकात घातलं होतं. विचारायला तोंड उघडायची आणि "आई, साखर संपलीय," असलं काहीतरी बोलून मिटायची.

महिना संपायच्या आत तिनं बाड पाठवलं. आठ दिवसांत संपादिकेचा फोन. "अहो, मी रडले," ती म्हणाली. "हे आपण काढतोय. मुद्रितं पाठवते, शेवटचा हात फिरवा, सोमवारी छपाईला जाईल." भूतवालीनं दुकानातच मालकांकडून पेढे मागून घेतले आणि मग एकदम तिच्या लक्षात आलं. मुद्रितं घरी येणार. घरी कोण असतं दिवसभर?

शुक्रवारी ती आली तेव्हा पाकीट फोडलेलं होतं. टेबलभर पानं पसरलेली, सासूबाई चष्मा लावून बसलेल्या, शेजारी निवून साय धरलेला चहा. वाटाणे तसेच पिशवीत.

"आई, मी..."

"बस."

ती बसली. मनात म्हणाली, आई एका शब्दानं जरी नको म्हणाल्या तर पुस्तक मागं घ्यायचं. चार वर्षं गेली तर गेली.

"शेवटच्या प्रकरणात चूक आहे तुझी," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "ती त्याला जाऊ नकोस म्हणते, ते कुठं बसून? खिडकीशी. म्हणजे त्याच्या उजवीकडे. आणि तेही कानात, हळूच. अगं, त्याला ऐकूच जायचं नाही!"

भूतवालीनं पान ओढून घेतलं. खरंच की! सगळी कादंबरी ज्या कानावर उभी, तोच कान ती ऐन वेळी विसरली होती. संपादिकेच्याही लक्षात आलं नव्हतं. ते लक्षात यायला चाळीस वर्षं त्या कानाशी संसार केलेली बाईच हवी. तिनं लाल पेन उघडलं. "एका शब्दाचं काम आहे, आई. डावीकडे करते."

सासूबाईंनी पानावर हात आडवा ठेवला. "थांब. पुढं तो तिला उत्तर देतो ना?"

"देतो."

"म्हणजे त्याला ऐकू आलं."

"चुकून आलं, आई. माझ्या चुकीनं."

"असेना का." सासूबाईंनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. "मशीन तर इथंच राहिलं. मेल्यावर कशाला बहिरे राहतील ते? मला सुचलंच नाही गं इतकी वर्षं. राहू दे हे. फक्त तिला कळू दे, की आपण चुकीच्या बाजूला बसलोय, तरी यांना ऐकू आलं."

भूतवालीनं तिथंच समासात दोन ओळी लिहिल्या. अक्षर वाकडंतिकडं आलं. मग पेन ठेवून ती म्हणाली, "मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"विचारलं असतंस तर मी नाहीच म्हटलं असतं," सासूबाई म्हणाल्या. "आणि मग मला हे कुठून मिळालं असतं? सात वर्षं मी एकटीच बोलतेय यांच्याशी. तू यांना उत्तर द्यायला लावलंस. फार मोठं केलंस गं माझ्यासाठी."

"आई, उलटं बोलताय तुम्ही. तुम्ही होतात म्हणून तर..." तिनं सासूबाईंचे वाटाण्याच्या वासाचे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले. सासूबाई म्हणाल्या, "पुरे आता, चहा टाक. हा गार झालाय."

तिनं चहा टाकला. पाच वाजत आले होते. सवयीनं ती बाल्कनीकडे वळली, तर मागून सासूबाई म्हणाल्या, "कपडे कुठं पळून चाललेत? बस इथंच." आणि त्या कप घेऊन भिंतीच्या कोपऱ्यातून उठल्या, मधल्या खुर्चीला वळसा घालून खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या. अंगावर ऊन आलं. त्यांनी जरा वेळ रस्ता बघितला, मग मान वळवली आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, सोमवारी आपल्या सुनेचं पुस्तक छापायला चाललंय."