एकच प्रत

खिळा तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, शिशाचा, आणि छापखानेवाल्या मॅन्युएलने चिमट्यात धरून तो राघोच्या तळहातावर ठेवला तेव्हा थंडगार — टोकाला काहीतरी उलटं कोरलेलं, आरशात दिसावं तसं. श्री, मॅन्युएल म्हणाला. हा एवढाच सुटा उरलाय आणि त्याचीही वेलांटी तुटलेली. छापखान्यातले बाकीचे चौदा श्री राघोच्या बहिणीच्या लग्नपत्रिकेत अडकले होते. सगळे काका, सगळे मामा, दोरीने करकचून बांधलेल्या त्या शिशाच्या ठोकळ्यात दाटीवाटीने उभे. सोसायटीच्या निवडणुकीचं पत्रक यायचं होतं, अकरा उमेदवार, आणि राघो काय ते सांगेपर्यंत त्यांच्यापैकी एकालाही श्री होता येणार नव्हतं.

"सहा वाजेपरत सांग," मॅन्युएल म्हणाला. "छापायचं हाय का न्हाय. न्हाय तर मी दोरी सोडतो."

राघोने मान डोलावली. मान डोलवायला पैसे पडत नाहीत.

मग मॅन्युएलने आतून प्रूफ आणलं — हस्तिदंती रंगाचा जाड कागद, कडा हाताने फाडल्यासारख्या, आणि ओल्या शाईवर कापसाने बसवलेली सोनेरी पूड. घरी नेऊन चुका तपास, असं म्हणून त्याने ते दिलं. राघोला चुका तपासायच्या नव्हत्या. त्याला फक्त ते प्रूफ हवं होतं. आठ दिवस त्याने फक्त त्याचाच विचार केला होता, कारखान्यात पॉलिशच्या चाकाला एकामागून एक स्टीलचे डबे लावताना, थाळ्या लावताना...

कारण बहीण, सुलू, 'बरी आहे' म्हणाली होती. दाजींनी — म्हणजे वडिलांनी, मिठागरावर कारकून आहेत — पत्रिकांचे म्हणून पैसे वेगळे काढून दिले, त्यात गुलाबी पत्रिका ऐंशी बसत होत्या आणि घरंही ऐंशीच होती. गुलाबी पत्रिकेवर आधीच छापलेलं एक जोडपं होतं. नवरी ठीक होती, पण नवरदेव चोर धरायला आल्यासारखा. सुलूने बघितली आणि म्हणाली, बरी आहे. आमच्या घरात बरी आहे हे औषधाला म्हणतात. मग तिने मॅन्युएलच्या नमुन्यांच्या वहीतली हस्तिदंती पत्रिका उघडली, मिटली, पुन्हा उघडली. त्या साली कागद मिळत नव्हता. दाजींच्या पैशांत तसल्या जेमतेम वीस आल्या असत्या.

"लोकांना कसलीही दे," घरी येताना ती म्हणाली. "मला मात्र ह्यातली एक दे. माझं नाव कधी छापून आलेलं नाही."

त्यावर मी, म्हणजे राघो, हो म्हणालो. असं सरळ हो मी आयुष्यात क्वचितच म्हटलं असेल.

तर बेत असा होता — पत्रिका ही वाचायची वस्तू. सलूनमध्ये वर्तमानपत्र एकच असतं आणि पन्नास माणसं ते वाचतात, म्हणून न्हावी काही पन्नास वर्तमानपत्रं घेत नाही. एक सुंदर पत्रिका, ऐंशी घरं. राघो स्वतः जाणार, अक्षता देणार, तोंडाने आमंत्रण करणार — त्यात मान जास्तच, कुणालाही विचारा — पत्रिका दाखवणार आणि परत घेणार. संध्याकाळी तीच सुलूच्या हातात. गुलाबी नवरदेवाची गरजच नाही, आणि वाचलेल्या पैशांत पंगतीला एक गोड पदार्थ वाढेल. कारखान्यात खाडा करून, खिशात अक्षतांची पुडी घालून तो निघाला, आणि केबिन रोडवर त्याच्यासारखा ठाम माणूस त्या सकाळी दुसरा नसेल.

धर्माजीकाकांनी उभ्यानेच वाचली. वाचली म्हणजे बोट थेट खाली नावांवर नेलं आणि तिथून वर सरकवत आणलं.

"मी सहावा?"

"वयाप्रमाणे घेतलीत काका."

"रामू माझ्याहून मोठा कधी झाला?"

राघो म्हणाला, पन्नास वर्षांपूर्वी झाले असतील. काकांनी थोडा विचार केला, तेवढ्यापुरतं क्षमा केल्यासारखं केलं आणि पत्रिका सदऱ्याच्या खिशात घातली.

"ही परत द्यायची, काका."

"परत?"

"पुढची घरं आहेत."

काका त्याच्याकडे बघत राहिले, मग आत काकूकडे बघितलं, मग पत्रिका काढून दिली — तपासनिसाला तिकीट द्यावं तशी, चूक आपली नाही हे तोंडावर ठेवून. पहिल्या घरी जड गेलं ते वाक्य. पाचव्याला जमलं. दहाव्या घरी तर 'ही परत द्यायची' हे त्याने 'लग्नाला यायचं'च्याही आधी म्हटलं, आणि ते लोक मुकाट्याने हात पुढे करून उभे राहिले, रेशनच्या रांगेत राहतात तसे.

मंदामावशीकडे चहा घेताना त्याला दिसलं. कपाचा कान धरलेला तिचा अंगठा चमकत होता. पिवळा, सोनेरी. आणि मग मागची सगळी घरं उलटी आठवत गेली — कुणीतरी नाक खाजवलं होतं ते नाक, एक बाळ रडत होतं त्याचा गाल, काकूंच्या कपाळावर कुंकवाशेजारी काहीतरी... त्याने पत्रिका उजेडात धरली. सुलोचना ह्या नावातला 'सु' तपकिरी झाला होता. सहा वर्षं पॉलिशला आहे मी. चमक वरून लावलेली असते आणि हाताने जाते, हे माझ्याइतकं भाईंदरात कुणाला ठाऊक आहे? मी लोकांचे डबे फडक्याने धरतो. बहिणीचं नाव तेवढं बोटांनी धरू दिलं.

पण ठाम माणूस उपाय काढतो. पुढच्या घरापासून त्याने नियम केला — पत्रिका राघो धरणार, वाचणाऱ्याने हात मागे बांधायचे. त्या घरच्या पोराने, शिवाने, खरंच मागे बांधले आणि मास्तरांसमोर म्हणावी तशी पत्रिका खड्या आवाजात म्हटली, पत्ता धरून. त्याचे वडील बाहेर आले, ते ऐकून त्यांनीही हात मागे बांधले. हे सगळं कुणालाच विचित्र वाटलं नाही, आणि राघोला आता जरा भीती वाटायला लागली होती.

गोदूबाईकडे पत्रिका काढायचीच नाही, असं त्याने ठरवलं होतं. खारीगावातली म्हातारी सुईण, सुलूला तिनेच जगात आणलं. पण तिला अक्षर येत नाही. तिला अक्षता पुरे. तो पुडी काढायला गेला आणि पुडीबरोबर पत्रिका वर आली.

गोदूबाईने हात पदराला पुसले. एकदा तळव्यांनी, एकदा मागच्या बाजूने. त्या दिवसात हात पुसणारी ती पहिलीच, आणि म्हणून असेल, त्याला नियम सांगता आला नाही. तिने पत्रिका कडांवर धरली, नुसत्या कडांवर, भरलेलं ताट धरावं तशी.

"ह्याच्यात सुलू कंची?"

त्याने दाखवली.

"एवरी मोठी?" ती बराच वेळ बघत राहिली. "मना कोनी पत्रिका देत न्हाय रं. तिला वाचता कुटं येतं, म्हनतात. तोंडानंच सांगून जातात."

आणि ती आत गेली. दारातून त्याला देव्हारा दिसत होता, तिथे तिने पत्रिका उभी टेकवली, कोपऱ्याला कुंकू लावलं, दोन पावलं मागे सरून पाहिली. राघोच्या तोंडात वाक्य तयार होतं. सकाळपासून एकोणतीस वेळा म्हटलेलं, घासून गुळगुळीत झालेलं, चार शब्दांचंसुद्धा नसलेलं... तो गुळाचा खडा घेऊन बाहेर पडला, आणि वाक्य तोंडात गुळाखाली राहिलं.

बाकीची पन्नास घरं होती. तो त्यांच्यावरून चालत गेला. सुलू आता कामावरून निघाली असेल, केस विंचरून ओट्यावर बसेल, विचारणार मात्र नाही. ती कधी विचारत नाही — हेच वाईट. तरी हरायचं नाही, त्याने ठरवलं. मॅन्युएलला सांगायचं, चूक निघाली. धर्माजीकाकांचा 'र' चुकलाय. त्याने दुसरं प्रूफ काढलं की ते सुलूचं. साधी गोष्ट. रस्ताभर तो ती चूक घासत होता, लखलखीत होईपर्यंत.

मॅन्युएल दोरीच्या गाठीवर बोट ठेवून बसला होता. सहाला पाच कमी होते. "काय रे? किती काढू? का सोडू?"

राघो ठोकळ्यावर वाकला. सगळे काका, सगळे मामा उलटे उभे होते, उजवीकडून डावीकडे, आणि मधे बहिणीचं नाव होतं तेही उलटं. त्याला ते वाचता येईना, तेव्हा त्याने त्यावर अंगठा फिरवला — कडक, थंड, हाताने न जाणारं. अंगठ्याच्या रेषांत सोनं होतं. चूक निघाली, एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं, आणि चूक आठवेना. आठवत होती ती भलतीच — गोदूबाईला अक्षता पुरे, ही.

खिशात दाजींचे पैसे होते. ऐंशी गुलाबी नवरदेव, किंवा ह्यातल्या वीस. एक सुलूची. मग एकोणीस. काकांना अक्षता मिळाल्यात, त्यांचं नाव आत आहे, ते येतीलच आणि रुसतीलही. पण एकोणीस... ज्यांना आजवर कुणी दिली नाही, ज्यांना तोंडानंच सांगून जातात, अशी माणसं त्याला किती ठाऊक होती? मिठागरावर टोपल्या वाहणाऱ्या बायका, दाजी ज्यांची हजेरी मांडतात. त्यांची नावं? त्याने आठवायला सुरुवात केली. एक आठवलं. दुसऱ्या नावापाशी तो थांबला, चेहरा समोर होता, टोपलीखालचा, मिठाने पांढरे पडलेले हात होते, नाव काही येईना — आणि मॅन्युएल गाठीवर बोट ठेवून वाट बघत होता, आणि राघोला अंगठा उचलवत नव्हता.