अंगठ्याची पारख

साहेबांनी पाना टेबलावर ठेवला तो आदळूनच.

"पेटी परत आलीय. चाळीस पाने, त्यातल्या सहांच्या जबड्यात मुलाम्याखाली फोड. आणि आत चिठ्ठी कुणाची? नऊ नंबर."

नऊ नंबर उभी होती. चाळिशीची बाई, एरवी अख्ख्या खात्याला तिचं तोंड पुरून उरायचं. आज गप्प. एक टेबल सोडून पलीकडे ताई मान खाली घालून एक पाना पुसत होत्या. तो केव्हाच पुसून झाला होता.

"उद्यापासून पॅकिंगला," असं म्हणून साहेब निघून गेले.

हातअवजारांच्या त्या कारखान्यात शेवटच्या तपासणीची टेबलं नऊ. जिने पेटी तपासली, तिच्या नंबराची चिठ्ठी पेटीत जाते. ताईंचा नंबर सात. तेवीस वर्षं तोच.

पाने तीन प्रकारचे निघत. काळा, भट्टीचा खरखरीतपणा अंगावर तसाच ठेवलेला. मंद, चमक उतरवलेला, तेलकट हातातून न निसटणारा. आणि आरसा, ज्यात तपासणारीला स्वतःचं नाक दिसतं. दुकानात आधी उचलला जातो तो आरसा आणि फसवतोही तोच. बोल्ट बसतो तिथे, जबड्याच्या आत, मुलामा पातळ असतो आणि डोळा पोचत नाही. तिथे अंगठाच फिरवावा लागतो. ताईंनी एकदा दिसायला निर्दोष अशी रासच्या रास अडवली होती. साहेब चिडले, पाना कापून बघितला, तर क्रोमखाली गंज. तेव्हापासून खात्यात म्हणत, "ताईंच्या अंगठ्याचा विमा उतरवा रे कुणीतरी."

तो अंगठा चार महिन्यांपूर्वी मुका झाला होता.

आधी ते नवऱ्याच्या लक्षात आलं. ताईंनी उकळत्या पातेल्यावरचं झाकण नुसत्या हाताने उचललं आणि धरूनच उभ्या राहिल्या.

"अगं सोड! भाजतंय ना!"

ताईंनी झाकण ठेवलं. बोटांवर फोड आले होते. डॉक्टरांनी साखर सांगितली, नसा सांगितल्या, गोळ्या दिल्या.

"कारखान्यात सांगून टाक," नवरा म्हणाला.

"आणि मग माझ्याकडे राहिलं काय? वरणाला फोडणी?"

"तीही आता बघूनच दे," तो म्हणाला. दोघंही हसले आणि विषय तिथेच राहिला.

जेवणाच्या सुट्टीत नऊ नंबर हात धुवायच्या नळापाशी आली. ताई आधीपासून तिथे होत्या.

"ताई, मी साहेबांना काही बोलले नाही."

"बघितलं."

"बोलणारही नाही. फक्त मला एक सांगा. त्या दिवशी पाना घेऊन मी तुमच्याकडे आले. म्हटलं, आत काहीतरी लागतंय, की माझाच भ्रम? तुम्ही अंगठा फिरवलात. म्हणालात, पॉलिशची रेघ आहे, जाऊ दे. खरंच रेघ लागली होती तुम्हाला?"

नळ चालूच होता.

"काहीच लागलं नव्हतं," ताई म्हणाल्या.

"मग तसं म्हणायचं ना! माझा अंगठा बरोबर सांगत होता हो. मी त्याला खोटं पाडलं, तुमच्यापायी. घरी पोरींना ऐटीत सांगते, आई पारख करते म्हणून. आता काय सांगू? आई खोकी चिकटवते?" तिने पदराने हात पुसले. "जेवा आता. डबा गार होतोय."

ताईंनी डबा उघडला नाही. त्यांनी मांडणीवरून सारख्याच मापाचे, तीन प्रकारचे तीन पाने उचलले आणि त्या साहेबांच्या खोलीत गेल्या.

"मी डोळे मिटते. एकेक हातात द्या."

"ताई, हा काय खेळ?"

"द्या तर."

साहेबांनी पहिला दिला. ताईंनी अंगठा फिरवला. "आरसा."

दुसरा. "आरसा."

तिसऱ्यावर त्यांनी जास्त वेळ घेतला. जबड्याच्या आत, बाहेर, दांड्याच्या कडेने. "हाही आरसाच."

मग ताईंनी डोळे उघडले. हातातला पाना काळा होता.

"मला आता सगळेच आरसे लागतात, साहेब. त्या पेटीतला फोड नऊ नंबरला लागला होता. तिने मला विचारलं आणि मी तिला परत पाठवलं. तिला टेबलावरून काढू नका."

साहेबांनी पाना हळूच काढून घेतला. "हे आपल्या दोघांत राहू द्या. डावा हात आहे की."

"त्याला शिकायला तेवीस वर्षं लागतील."

"सहा पाने हो, ताई. सहा पान्यांसाठी एवढं..."

"चार महिने, साहेब. चार महिन्यांतल्या सात नंबरच्या सगळ्या पेट्या. गोदामात आहेत तेवढ्या तरी उघडाव्या लागतील."

साहेब खुर्चीत बसले. मग त्यांनी सात नंबरच्या पेट्या काढायला गोदामात निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पॅकिंगच्या लांब टेबलाशी ताई उभ्या होत्या. गोदामातून पेट्या येत. ताई त्या उघडत, सात नंबरची चिठ्ठी काढत आणि पाने नऊ नंबरपुढे मांडत. नऊ नंबर सकाळपासून कामापुरतंच बोलत होती. अंगठा फिरवायची, बरा पाना उजवीकडे, वाईट डावीकडे.

पहिल्या पेटीत डावीकडे अकरा गेले. ताईंनी ते मोजले. नऊ नंबरने त्यांना मोजताना पाहिलं.

दुसऱ्या पेटीत ती एका पान्यापाशी अडली. जबड्यात अंगठा परत परत फिरवला, मग पाना ताईंपुढे धरला.

"ताई, आत बारीकसं काहीतरी आहे. फोड की रेघ, कळत नाही."

"नखाने ढकल. हलतंय?"

"नाही."

"टोक लागतं की सपाट?"

"सपाट. लांबट."

"मग रेघ. पण तुझं तू ठरव."

नऊ नंबरने आणखी एकदा अंगठा फिरवला आणि पाना उजवीकडे ठेवला. "उद्या डबा जास्तीचा आणते," ती पुढचा पाना उचलत म्हणाली. "काल उपाशी राहिलात तुम्ही. फार शहाण्या."

पेटी भरली. ताईंनी वर नऊ नंबरची चिठ्ठी ठेवली, झाकण बंद केलं, चिकटपट्टी ओढून तिच्यावरून अंगठा फिरवला आणि ती चिकटली का, ते वाकून डोळ्यांनी पाहिलं.