पाच मिनिटांचा डाव

मित्रांनो, मला हातात घ्याल तर आधी तुमच्या तळव्याला थोडे चिकट लागेल. रागावू नका. ते ग्रीस आहे. कितीही पुसले तरी माझ्या फटींतून ते निघत नाही. मी व्हिडिओ गेमचा एक जुना कंट्रोलर आहे. अंगठ्यांखालचे माझे रबर झिजून गुळगुळीत झाले आहे. डावी दांडी आपोआप एका बाजूला कलते. उजव्या खांद्यावरचे बटण, ज्याने गोळी झाडतात, ते दाबले की परत वर यायला वेळ लावते. मला हल्ली सगळ्यालाच वेळ लागतो.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात, सरकत्या पट्ट्यावर झाला. तिथले फारसे आठवत नाही. पहिली काही वर्षे मी एका थंड देशात काढली. तिथला माझा मालक लांबलचक खेळ खेळे. एका खेळात राज्य उभारायला त्याला अख्खा हिवाळा लागला होता. पुढे त्याच्याकडे नवे यंत्र आले आणि आम्ही जुने, वायरींसकट, एका खोक्यात गेलो. जहाजाने तेमा बंदर, तिथून ट्रकने कुमासी शहर. तिथल्या सुआमे या गॅरेजवस्तीच्या बाजारात जुन्या टीव्हींच्या ढिगाशेजारी आंटी सेरवाने मला उचलले, माझी बटणे दाबून पाहिली आणि म्हणाली, "दमलेला दिसतोय, पण चालेल." तेव्हा मी दमलेलो नव्हतो. दमलो ते नंतर.

आंटी सेरवा पूर्वी गॅरेजवाल्यांना वाचे नावाचा घेवडाभात विकायची. चूल, भाताचे आणि घेवड्याचे मोठे पातेले, वर लाल रस्सा. उभे राहून राहून तिचे गुडघे गेले, तेव्हा तिने एका जुन्या जहाजी कंटेनरला खिडकी पाडली, आत एक टीव्ही, एक गेमचे यंत्र, एक बाक आणि आम्ही दोन कंट्रोलर ठेवले. दुसरा माझ्याहून नवा होता. त्याला पाहुण्यांसारखे वागवत. मला घरच्यासारखे, म्हणजे वाटेल तसे.

सुआमेत सगळे फिटर, वेल्डर आणि ड्रायव्हर. इंजिन थंड व्हायला वेळ लागतो, रंग वाळायला लागतो, पार्ट आणायला गेलेला माणूस परत यायला लागतो. तो वेळ मोठा नसतो. त्यात घरी जाता येत नाही, झोपता येत नाही, आणि नुसते बसावे तर डोक्यात नाही नाही ते येते. म्हणून हे लोक आमच्याकडे येत. त्यांना राज्ये उभारायची नव्हती. त्यांना गोळीबाराचा खेळ हवा असे. पडके बंदर, गंजलेले जिने, कोपऱ्यावरून येणारा शत्रू. मागची गोष्ट लक्षात ठेवायला नको, पुढची काळजी नको. मेलात तर तीन मोजेपर्यंत पुन्हा उभे. पाच मिनिटांनी भोंगा वाजतो, कोण जिंकले ते पडद्यावर येते, आणि खेळ खरोखर संपतो.

यात एवढे काय ठेवले आहे, असे आंटीने एकदा विचारले होते. फ्रिंपोंग नावाचा फिटर मला धरून बसला होता. पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "आंटी, एक ट्रक मी महिनाभर उघडतोय आणि बांधतोय. संपतच नाही. इथं निदान पाच मिनिटांत काहीतरी संपतं."

मित्रांनो, मी हजारो लढाया लढलो आणि त्यातली एकही खरी नव्हती. पण हात खरे होते. भेदरलेला हात, रागावलेला हात, सकाळपासून कुणी नीट बोलले नाही असा हात. धरण्यावरूनच मला कळे. पहिल्या मिनिटात घाम येई, तिसऱ्यात श्वास अडके, आणि भोंग्यानंतर माणूस असा काही सैल होई की जणू पाठीवरचे पोते उतरले. तेव्हा लोक माझे कौतुक करत. बोल्ट विकणारी मामे दुफी तर दुपारच्या जेवणाआधी येऊन भल्याभल्यांना लोळवून जायची. तिच्यापुढे हरलेला एक वेल्डर एकदा म्हणाला की मामे बोल्ट विकते की गोळ्या, तेच कळत नाही. ती म्हणाली, "तुला काय हवंय ते सांग. दोन्ही आहेत."

पण या पाच मिनिटांना एक खोड आहे. ती संपतात तेव्हा अजून पाच मागतात. एक टॅक्सीवाला 'आता शेवटचा डाव' म्हणत म्हणत इतका बसला की त्याचे प्रवासी सामान उतरवून दुसऱ्या गाडीने गेले. त्या दिवसापासून आंटीने नियम केला की दोन डाव झाले की उठायचे. कुणी कुरकुर केली तर ती त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राही. तिचा हात जड होता.

आता ज्या गोष्टीसाठी मी बोलायला बसलो ती सांगतो.

फ्रिंपोंगच्या उजव्या हाताला तर्जनी नव्हती. त्याचे आणि अमोआचे पूर्वी एकच गॅरेज होते. दोघे एकाच उस्तादाकडे शिकले, एकाच ताटात जेवले. मग एका दुपारी गिअरबॉक्स खाली आला आणि फ्रिंपोंगचे बोट गेले. अमोआ सगळ्यांना सांगे की ज्यावर तो तोलला होता त्या जॅकचे तेल गळत होते. फ्रिंपोंग काहीच सांगत नसे. त्याने दोन गाळे सोडून वेगळे दुकान टाकले. तीन वर्षे दोघे एकमेकांशी बोलले नाहीत.

गोळीचे बटण तर्जनीने दाबतात. फ्रिंपोंग ते मधल्या बोटाने दाबायला शिकला. माझे बटण सैल होते, त्या बोटाला सोपे जाई, म्हणून आंटी त्याला नेहमी मलाच देई. सुरुवातीला तो फार हरला. मग हरेनासा झाला.

एकदा तो खेळायला बसला असताना अमोआही आला. त्याच्याकडे एक इंजिन उकळून बंद पडले होते आणि ते निवेपर्यंत त्याला काही काम नव्हते. फ्रिंपोंगला पाहून तो परत फिरला. आंटीने त्याला दारातच अडवले. "टीव्ही एक आहे, घाई तुम्हा दोघांना आहे. एकत्र खेळा नाहीतर दोघंही जा. माझे गुडघे दुखतायत, माझ्या डोक्याला भांडण लावू नका."

खेळात एक प्रकार असा होता की दोघे एका बाजूला आणि यंत्राची फौज दुसऱ्या बाजूला. एक जण पडला की तो लगेच मरत नाही, गुडघ्यांवर येतो. जोडीदाराने जवळ येऊन चौकोनाचे बटण दाबून धरले तर तो उठतो. आंटीने तोच लावला. मधे वीतभर जागा सोडून दोघे बसले.

पहिल्याच मिनिटात फ्रिंपोंग पडला. अमोआ गोळ्यांमधून धावत आला आणि त्याला उठवले. थोड्या वेळाने अमोआ पडला. फ्रिंपोंगचा अंगठा माझ्या चौकोनावर आला, तिथे थांबला, आणि निघून गेला. अमोआ मेला. डाव हरले.

तरी ते पुन्हा आले. ठरवून नव्हे, इंजिने काय, रोजच तापतात. कित्येक आठवडे असेच चालले. अमोआ उठवायचा, फ्रिंपोंग उठवायचा नाही. आंटी बाकामागे उभी राहून पाहायची आणि दर वेळी तिची चप्पल जमिनीवर आपटल्याचा आवाज मला ऐकू यायचा. अमोआने एकदाही तक्रार केली नाही.

मग एका दिवशी अमोआ जिन्याखाली पडला, चार शत्रू चालून आले, आणि विचार करायला वेळच नव्हता. वेग असतो तो असा. फ्रिंपोंगचा अंगठा माझ्या चौकोनावर इतक्या जोराने बसला की माझे कवच करकरले. अमोआ उठला. फ्रिंपोंगने मला जवळजवळ टाकलेच. आपण काय केले ते त्याला नंतर कळले असावे. डाव ते जिंकले, आणि तो लगेच निघून गेला.

त्यानंतरच्या आठवड्यात डावाच्या मधेच वीज गेली. आमच्याकडे ती जाते. पडदा काळा झाला, पंखा थांबला. आंटी शेजारी जनरेटर मागायला गेली. दोघे काळ्या पडद्याकडे पाहत बसले. गोळीबार चालू असताना गप्प बसणे सोपे असते. आता ते अवघड झाले. फ्रिंपोंग माझी दांडी उगाचच गोल गोल फिरवत होता.

"तू विचारलं होतंस, गिअरबॉक्सखाली आधाराचा ठोकळा लावलास का," अमोआ म्हणाला. "मी लावला म्हणालो. नव्हता लावला. घाई होती. जॅकचं तेल गळत नव्हतं."

माझी दांडी थांबली. बाहेर कोणीतरी पत्र्यावर हातोडा मारत होते.

"माहीत होतं," फ्रिंपोंग म्हणाला. "हात घालायच्या आधी मी वाकून बघितलं होतं. ठोकळा नव्हता. तरी घातला. घाई मलाही होती."

अमोआने तोंड दोन्ही हातांत धरले. फ्रिंपोंगने त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही, पण तो उठूनही गेला नाही. वीज आली, पडद्यावर खेळाचे पहिले पान उजळले, आणि दोघांपैकी कोणीही बटण दाबले नाही.

पुढचे मी पाहिले नाही, मामे दुफीने सांगितलेले ऐकले. अमोआकडे एका बसचा गिअरबॉक्स उतरवायचा होता. फ्रिंपोंग स्वतःहून गेला, बसखाली वाकला, ठोकळा हाताने हलवून पाहिला आणि मगच आत सरकला. त्या दिवशी दोघांनी एकत्र केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, खाल्ली. मामे म्हणाली की मिरचीवरून भांडले सुद्धा.

मला आनंद झाला, मित्रांनो. पण खरे सांगतो, त्यानंतर ते आमच्याकडे फारसे आले नाहीत. इंजिन थंड होईपर्यंत त्यांना आता एकमेकांशी बोलायला माणूस मिळाला होता. माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले काम मी केले आणि त्यातच माझे सर्वांत चांगले गिऱ्हाईक गमावले. तक्रार नाही. थोडे रिकामे वाटते, एवढेच.

पुढची वर्षे इतरांच्या हातांत गेली. कोणी हरले की मला भिंतीवर मारले. कोणी तेलकट बोटांनी तळलेली केळी खात खात खेळले. आंटीने दोनदा मला उघडून पेनातली स्प्रिंग बसवली. मग तार नसलेले नवे कंट्रोलर आले आणि आता मी बिस्किटांच्या डब्यात, वायरींच्या गुंत्यात असतो. नव्यांपैकी एखादा रुसला तरच झाकण उघडते. उजेड डोळ्यांवर येतो, आणि मला वाटते, नको, आज दुसऱ्या कुणाला तरी न्या.

मित्रांनो, खेळा. पाच मिनिटांत एक अख्खी लढाई जिंकून उठण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. दमलेल्या माणसाला तेवढे तरी मिळावे. पण पाच म्हणजे पाच. हरलात तर राग आमच्यावर काढू नका, आम्ही तुम्ही सांगाल तेच करतो. खेळण्याआधी हात पुसा. आणि भोंगा वाजला की मला हळूच खाली ठेवून शेजारी कोण बसले आहे ते मान वळवून पाहा. त्याच्याशी बोलायला वीज जायची वाट पाहू नका.

झाकण लावा आता. मी जरा पडतो.