अर्ध्या ओवीचं घर

माळाच्या उशाला गं, माज्या मेंढरांचं घर
वाऱ्याची केली भित, वर आभाळ छप्पर

मित्रांनो, हा आवाज मी कोकरू असताना ऐकला, तो अजून कानात आहे. आता मी म्हातारी मेंढी झाले आहे. पुढचे दात पडले, चरताना कळपाच्या मागं राहते. अंगानं काळी, कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून माझं नाव टिकली. माझा फोटो पुण्याच्या वर्तमानपत्रात छापून आला होता. पण फोटोचं सांगण्याआधी त्या आवाजाचं सांगायला हवं.

आवाज साखरबाईचा. साखरबाई आणि तिचा नवरा बिरू ही बारामतीकडची मेंढपाळ माणसं. पावसाळा वाडीत काढायचा आणि दिवाळी सरली की कळप घेऊन वाटेला लागायचं, ही त्यांची रीत. पणदऱ्याच्या पुढं, कालव्याच्या वरच्या अंगाला एक उघडा माळ होता. तिथं आमचा मुक्काम पडायचा. तिथंच मी जन्मले. मार्गशीर्ष चालू होता आणि भर दुपारी अवकाळी पाऊस आला. टेकायला ना झाड, ना आडोसा. साखरबाईनं मला चिखलातून उचललं आणि आपल्या घोंगडीत घेतलं. घोंगडीत आणखी एक जीव होता, तिचं तान्हं. त्याचं बारसं अजून व्हायचं होतं. माझ्या अंगाला अंग लावून तो होता, म्हणून मला आठवतो. पाऊस उघडला तेव्हा मी धडपडत चार पायांवर उभी राहिले. तो हलला नाही.

त्यानंतर नवराबायको त्याबद्दल कधी बोलली नाहीत. बिरू कळपाच्या पुढं चालायचा, साखरबाई मागं. त्यांची थोरली लेक दिपाली तेवढी दोघांच्या मधे बागडायची. कातरणीचे दिवस आले की साखरबाई मला मांडीशी धरायची आणि ती ओवी गुणगुणायची. ओवी चार ओळींची आहे. वर मी दोनच सांगितल्या. उरलेल्या दोन मला पाठ आहेत, पण त्या माझ्या नाहीत. ज्याच्या त्यानंच म्हणाव्यात.

पुढं काही वर्षांनी एका संस्थेनं त्या माळावर मुक्कामघर बांधायचं ठरवलं. वाटेनं जाणाऱ्या मेंढपाळांच्या बायकापोरांना रात्रीपुरता निवारा व्हावा, एवढाच हेतू. संस्थेचे अध्यक्ष सर्जेराव, बोलायला मोठे हौशी. इमारतीचा आराखडा काढायला पुण्याहून रोहिणीबाई आल्या. वयानं तरुण, पायात कापडी बूट. आमच्यात मांडी घालून बसल्या, आमची भाकरी खाल्ली, मेंढरांच्या वासानं नाक मुरडलं नाही. बाई मनानं चांगल्या होत्या. मी मेंढी असले तरी खोटं सांगणार नाही.

त्या दिवशी माझी कातरणी चालली होती, सर्जेरावही येऊन बसले होते.

"काय गुणगुणताय, मावशी?" रोहिणीबाईंनी विचारलं.

"काय न्हाय बाई. आपलं उगी."

"म्हणा ना."

साखरबाईनं दोन ओळी म्हटल्या. रोहिणीबाईंनी डोळे मिटले. "वाऱ्याची भिंत," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "किती सुंदर. मावशी, मला माझी इमारत सापडली."

साखरबाईचं तोंड तिसऱ्या ओळीसाठी उघडलेलं होतं. तिचा श्वास माझ्या मानेला लागला होता. समोर बिरू बसला होता, त्यानं कातर खाली ठेवली होती. साखरबाईनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा त्या पोरीच्या हसऱ्या तोंडाकडं, आणि ओठ मिटले.

मी ओरडले. जीव तोडून ओरडले.

"टिकलीलाबी गानं आवडलं म्हनायचं," सर्जेराव म्हणाले आणि सगळे हसले. मित्रांनो, मेंढीचं ओरडणं कुणी ध्यानात घेत नाही.

घर उभं राहिलं. गोल, वाघरीसारखं, म्हणजे रात्री आमच्याभोवती जाळं लावतात ना, तसं. खाली काळ्या दगडाचं जोतं. वर विटांची भिंत, पण एक वीट ठेवलेली, एक गाळलेली. मधलं अंगण आभाळाला मोकळं. सकाळचं ऊन त्या भोकांतून आत आलं की फरशीवर नक्षी पडायची. दिसायला ते खरंच देखणं होतं.

बिरू एक फेरी मारून आला. "इटा कमी पडल्या का काय, सर्जेराव?"

"आरं, ती कला हाय."

"आसंल. मग थंडीबी कलाच म्हनायची का, तेवढं बाईला इचारा."

पुण्याच्या वर्तमानपत्रात नव्या इमारतींवर दर रविवारी लिहिणारे एक गृहस्थ ते घर बघायला आले. बरोबर फोटोवाला. अंगणात मेंढरं हवीत, असं ठरलं. आम्हाला आत घातलं. गुळगुळीत फरशीवर आमचे खूर टिकेनात, माझे तर चारी पाय चार दिशांना गेले. तेव्हा साखरबाईनं आपली घोंगडी अंथरली आणि मला तीवर उभं केलं. तीच घोंगडी, मित्रांनो. फोटो निघाला.

रविवारी सर्जेरावांनी चहाच्या टपरीवर तो लेख मोठ्यानं वाचला. लिहिलं होतं, भटक्या जिवाला भिंत नकोच असते, हे या वास्तूनं ओळखलं आहे. फरशीवर घोंगडी अंथरण्याच्या कल्पनेचंही कौतुक होतं. खाली ओवी छापली होती. दोन ओळी.

"बघ साखरबाई, तुझं गानं पुन्यात गेलं," सर्जेराव म्हणाले.

"व्हय जी," ती म्हणाली आणि पदर सारखा करून कळपाच्या मागं निघाली.

मग लोक येऊ लागले. कॉलेजची पोरं गाडी करून येत, भिंतीचं चित्र काढत, मला गूळ चारत. एवढे लाड माझे कधी झाले नव्हते. पण मुक्कामाला कोण आलं? पहिल्या हिवाळ्यात काही बायका लेकरं घेऊन उतरल्या. माळाचा वारा त्या भोकांतून शीळ घालत शिरला. दुसऱ्या दिवशी त्यांनी खताची रिकामी पोती आणली आणि भोकांवर बांधली. तेवढ्यात पाहुणे यायचं ठरलं. फोटोत पोती नकोत, म्हणून ती सोडवली गेली. पोत्यांबरोबर बायकाही गेल्या आणि गावातल्या शाळेच्या ओसरीला टेकल्या. नंतर त्या रिकाम्या घरात कुणीतरी ज्वारी वाळत घालू लागलं. शेवटी दाराला साखळी आली. बाहेर माझा मोठा फोटो लावलेला, आणि मी साखळीला नाक लावून उभी. आतली नक्षी तेवढी दिसायची.

यंदा बातमी आली की तसंच घर इंदापूरकडच्या एका माळावर, दिवाळीच्या आत बांधायचं आहे. नकाशा तोच, विटाही तशाच गाळायच्या. ऐकलं आणि माझं चरणं सुटलं. कारण दिपालीला इंदापूर तालुक्यातल्या मेंढपाळाच्या घरी दिली आहे. तिला दिवस गेले होते. पौषात ती मोकळी होणार होती आणि त्या दिवसांत तिच्या सासरचा कळप इंदापूरकडच्या त्याच माळावर असणार होता. म्हणजे पोरगी बाळ घेऊन त्याच नव्या घरात उतरणार. हे साखरबाईला माहीत होतं, बिरूला माहीत होतं. मला माहीत होतं. पण त्या दोघांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, आणि माझ्या तोंडून फुटून उपयोग नव्हता.

कुदळ मारायच्या कार्यक्रमाला साखरबाईला गाण्याचं आमंत्रण आलं. फोटोतली मेंढी म्हणून मलाही टेम्पोत चढवलं. बिरू माझ्याजवळ बसला, वाटभर माझा कान धरून.

मांडव छोटाच होता. दिपाली बायकांत बसली होती, दोन्ही हात पोटावर ठेवून. रोहिणीबाई आता थोड्या पोक्त दिसत होत्या. त्यांनी साखरबाईचे हात हातात घेतले. "मावशी, हे घर तुमच्या ओवीतून जन्मलं. आज परत म्हणा."

साखरबाई उभी राहिली. दोन ओळी म्हटल्या. टाळ्या वाजल्या. सर्जेराव कुदळीकडं वळले.

मित्रांनो, तुम्ही उद्या मोठे व्हाल. कुणी घरं बांधाल, कुणी त्या घरांवर लिहाल. तुम्हाला एका म्हाताऱ्या मेंढीचं एवढंच मागणं आहे. कुणाचं गाणं कानावर आलं तर लगेच टाळ्या वाजवू नका. गाणाऱ्याचा श्वास संपला का, ते आधी बघा. साखरबाईचा संपला नव्हता. मला दिसत होतं. मी दोरीला हिसका दिला, पण दोरी पक्की होती.

"थांबा वाईच," बिरू म्हणाला. उभ्या आयुष्यात तो भरल्या मांडवात बोलला नव्हता. त्यानं बायकोकडं पाहिलं. "म्हन. पुढचं म्हन. मलाबी ठावं हाय ते."

साखरबाईनं दिपालीच्या पोटाकडं पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हटलं,

आभाळ गळाया लागं, वारा शिरला घरात
तान्हं निजलं ते निजलं, माज्या वल्या पदरात

रोहिणीबाईंच्या हातातला नकाशा तसाच उघडा राहिला.

"मला भितच पायजे हुती, बाई," साखरबाई म्हणाली. "तवाबी."