गप्प बसायचे पैसे

अक्काला बोलण्यासाठी कुणी कधी पैसे दिले नाहीत. ते काम ती आयुष्यभर फुकट करत आली होती. पण गप्प बसण्यासाठी पैसे द्यायला कुणी दारात येईल, असं गल्लीला स्वप्नातही वाटलं नव्हतं. आलं ते माणूस बँकेचं होतं, तेही साधंसुधं नाही, खुद्द मॅनेजर.

दुकानात पाऊल टाकल्या टाकल्या त्याची काळी पँट पांढरी झाली. गादीवाल्याच्या दुकानात कापूस कुणाची पायरी बघत नाही. अक्का खाली बसून गादीला टाके घालत होती. हातातलं दाभण तिनं एकदा आरपार काढलं, दोरा ओढला, गाठ मारली आणि मग वर बघितलं.

"बसा. आमच्याकडं टोकन घ्यावं लागत नाही."

मॅनेजर बसला. पोरगा तसा वयानं लहान, बदलून येऊन थोडेच महिने झालेले. घसा साफ करून त्यानं पिशवीतून कागद काढला. शेजारी अक्काचा मुलगा उभा राहिला, आणि मागे शिलाई मशीनवर खोळ शिवणाऱ्या सुनेनं पाय थांबवला.

भानगड अशी होती. अक्काच्या खात्यात पैसे अमुक रकमेच्या खाली गेले, म्हणून बँक महिन्याच्या महिन्याला दंड कापत होती. खातं मात्र उघडलं होतं छोट्या माणसांसाठीचं. "यात एक पैसा राहिला तरी चालतो," असं तेव्हाच्या म्हाताऱ्या मॅनेजरनं तोंडानं सांगितलं होतं. वर्षानुवर्षं आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं. मागच्या वर्षी सुनेच्या ते लक्षात आलं. मग या खिडकीवरून त्या खिडकीवर, तिथून जेवणाची सुट्टी, असं करता करता सुनेनं शेवटी बँकेच्याही वरच्या तक्रार कार्यालयाला लिहिलं. तेव्हा कुठं बँकेला जाग आली.

"कापलेल्या रकमेतले रुपयाला बारा आणे बँक तुम्हाला परत देईल," मॅनेजर म्हणाला. "सद्भावना म्हणून."

"सद्भावना म्हणजे?"

"म्हणजे... चांगल्या मनानं."

"आणि कापले तेव्हा कुठल्या मनानं कापले होते?"

मॅनेजरनं कागदातच बघितलं. "तुम्ही तक्रार मागं घ्यायची. बँकेची चूक झाली, असं यात कुठं धरलेलं नाही. आणि एक, याबद्दल तुम्ही कुणाशीही बोलायचं नाही. खातं, दंड, हे पैसे, काहीच नाही. आठवडाभरात सही करून द्या."

मुलगा खो खो हसत सुटला. "साहेब, बारा आणे कमी आहेत हो! हिला गप्प करायला आमच्या बापानं जन्म घालवला."

"तू गप रे," अक्का म्हणाली.

"बघा, सही व्हायच्या आधीच आम्हाला लागू झालं."

मॅनेजरही हसला, पण हसू लगेच आवरलं. जाताना तो हळूच म्हणाला, "अक्का, मी आलो तेव्हा हे सगळं होऊन गेलं होतं. माझं ऐकाल तर घेऊन टाका. तक्रारीचा निकाल कधी लागेल सांगता येत नाही, आणि तुमच्या बाजूनंच लागेल असंही नाही."

खोटं बोलत नव्हता बिचारा. म्हणूनच अक्काला त्याचा जास्त राग आला. खोटारड्याला शिवी देता येते, खरं बोलणाऱ्याचं काय करायचं?

पैसे हवे होते, यात वाद नव्हता. कापूस पिंजायचं मशीन जळून कोपऱ्यात पडलं होतं. मोटर गेलीच होती, आतला दातेरी रूळही वाकला होता. स्टेशनाजवळच्या लॉजची गाद्यांची मोठी ऑर्डर अंगावर होती. जुन्या गाद्या उसवून, कापूस पिंजून, नव्या खोळीत भरून द्यायच्या. बँकेचे बारा आणे हातात आले की मशीन उभं राहणार आणि लॉजवालाही टिकणार. नाहीतर तो दुसऱ्या गावाहून फोमच्या गाद्या आणायला मोकळा.

"दगडापेक्षा वीट मऊ, आई," मुलगा म्हणाला. "हातातलं सोडून पळत्याच्या मागं कशाला? आणि बोलून तरी तू कुणाला सांगणार आहेस? कुणाला पडलंय आपल्या खात्याचं?"

"तेच म्हणते मी. कुणाला पडलंय? मग एवढं कुलूप कशाला लावतायत? रिकाम्या पेटीला कुणी कुलूप घालतं का?"

याचं उत्तर समोरच्या माडीवरून आलं. त्या माडीवर अक्काची धाकटी जाऊ राहायची आणि उशांचा धंदा करायची. दोघी सख्ख्या भावांच्या बायका, एकाच दुकानात राबलेल्या. वाटणी झाली तेव्हा पिंजायचं मशीन अक्काकडं आलं, तेव्हाची शिलाईची मशीनं धाकटीकडं गेली. "थोरलीनं मशीन गिळलं," असं धाकटी चारचौघांत म्हणाली, आणि "तिच्या जिन्याची पायरी चढेन तर नावाची नाही," असं अक्का म्हणाली. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. मधे फक्त रस्ता, तोही एवढा अरुंद की एकीच्या घरची फोडणी दुसरीला ठसका लावायची.

तर त्या माडीवरून नेहमीचा आवाज आला. "महिन्याला जातात कुठं पैसे? खात्याला पाय फुटलेत का? तुम्हीच काढता! पत्त्यांचा नाद सुटलाय म्हणे! सुटलाय कुठला!"

अक्काचा दीर उत्तर देणाऱ्यातला नव्हताच. तरुणपणी पत्ते खेळला, त्याची किंमत म्हातारपणी मोजत होता. हल्ली बायको त्याला खाली गोदामात झोपायला लावते, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. अक्काही ते ऐकून आजवर गालातल्या गालात हसत आली होती. घे, म्हणावं, मशीन गिळलं म्हणत होतीस ना?

आज मात्र हसू गालापर्यंत आलंच नाही. दाभण हातातच राहिलं.

खाती दोघींनी एकाच दिवशी उघडली होती, धाकटीनं नवऱ्याचंही नाव घालून. वाटणीचे पैसे ठेवायला. त्याच म्हाताऱ्या मॅनेजरच्या टेबलापाशी, एकाच बाकावर, एकमेकींकडं पाठ करून.

"अगं बाई," अक्का म्हणाली.

सुनेनं मशीनवरून मान वर केली. तिला बहुतेक आधीच उमगलं होतं. "हो," एवढंच ती म्हणाली.

"चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय गं तिकडं."

मुलगा डोक्याला हात लावून बसला. आईला तो ओळखून होता. "सही कर, पैसे घे, आणि मग काकूच्या कानात हळूच सांग. भिंतीला कान असतील, बँकेला नाहीत."

"सही केली म्हणजे शब्द दिला. मी दुसरी शिकले तेवढी शिकले, पण माझं नाव मी खोट्याखाली लिहीत नाही."

"मग सही करायच्या आधी सांग! कागद म्हणतो पुढं बोलायचं नाही. मागचं कुठं म्हणतो?"

अक्कानं पोराकडं जरा कौतुकानं बघितलं. अक्कल बापाची नव्हती, तिचीच होती. वाट तर बरी होती. साप मरत होता आणि काठीही शाबूत राहत होती. अडचण एकच. त्या वाटेवर धाकटीचा जिना होता.

दोन दिवस अक्का त्या जिन्याकडं बघत राहिली. लॉजवाल्याचा फोन आला, मुलानं गोड बोलून वेळ मारून नेली. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं अंगावरचा कापूस झटकला, चपला घातल्या, रस्ता ओलांडला आणि चढली. नावाची न राहता चढली. इतकी वर्षं धाकटीशी एक अक्षर न बोलता तिनं फुकट काढली होती. आता गप्प बसायचे पैसे मिळत होते, तर नेमकं बोलायला निघाली होती. नशीब असं असतं.

धाकटी दारात आली आणि तिनं कमरेवर हात ठेवले. "मशीन जळलं म्हणून आलात होय, थोरल्या बाई? उसने मागायला? आमच्याच खात्यात खडखडाट आहे."

"त्या खडखडाटाचंच सांगायला आले. आत तरी घेशील की जिन्यातच आरती ओवाळतेस?"

आत दीर उशीत कापूस भरत बसला होता. अक्कानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. खातं, दंड, तक्रार, बारा आणे, आणि कागदातली ती ओळ. सांगताना तिनं धाकटीकडं बघितलं, पण बोलली दिरासाठी. त्याचे हात उशीच्या आत तसेच थांबले.

नवऱ्याकडं बघायची धाकटीची छाती होत नव्हती. म्हणून ती अक्काकडंच रागानं बघत राहिली. "कशावरून?"

"पासबुक घेऊन बँकेत जा आणि विचार. म्हातारा काय म्हणाला होता ते तुलाही आठवत असेल. कान तर दोघींचे तिकडंच होते."

"एक पैसा राहिला तरी चालेल," धाकटी पुटपुटली. मग एकदम खाली बसली.

अक्का निघाली. काम झालं होतं. आता सही, पैसे, मशीन. ती उंबऱ्यापाशी पोचली तेवढ्यात दिरानं तोंड उघडलं.

"वहिनी, हे तुम्ही बँकेत येऊन बोलाल का? सगळ्यांसमोर?"

एवढंच. ना गयावया, ना डोळ्यांत पाणी. कापसात कोपरापर्यंत गेलेले हात, आणि हा प्रश्न.

अक्काला उत्तर देता आलं नाही. गल्लीच्या आठवणीत ही पहिलीच वेळ.

परत येऊन ती उसवायला काढलेल्या गादीसमोर बसली. लॉजची गादी, वर्षानुवर्षं माणसं झोपून दगड झालेली. तिच्या दुकानाचा एक नियम होता, सासऱ्यांच्या वेळचा. गादी गिऱ्हाईकासमोर उसवायची. आत चांगला कापूस निघो की चिंध्या, त्यानं डोळ्यांनी बघायचं. मागच्या खोलीत नेऊन उसवली की भरणारा कितीही सचोटीचा असो, गिऱ्हाईकाच्या मनात कायमची गाठ राहते. दिराची अब्रू चार माणसांत गेली होती. ती तिनं माडीवर, बंद दाराआड, त्याच्या बायकोच्या कानात परत दिली. ही कसली परतफेड? चार माणसांत गेलेलं चार माणसांतच परत यायला हवं.

पण मशीन? सून? पोराचा धंदा? दिराच्या अब्रूपायी स्वतःच्या घराची चूल थंड करायची, हा कुठला शहाणपणा?

तिनं सुनेला हाक मारली. "तुझं मत काय?"

सून खोळीचा दोरा दातानं तोडत म्हणाली, "मत मागताय, आई, की होकार?"

"तोंड माझ्यासारखं व्हायला लागलंय तुझं."

"संगत." मग ती जवळ येऊन बसली. "हिशोबानं म्हणाल तर सही करा. हातानं झोडपून लॉजची निम्मी ऑर्डर होईल, निम्मी जाईल. पण तक्रार लिहिताना मी माझ्या हातानं लिहिलं होतं की बँकेनं चूक केली. ते आता मागं घ्या म्हणतायत. मला ते नाही आवडलं. झालं माझं मत."

आठवडा सरला त्या दिवशी अक्का बँकेत गेली. सोबत सून होती. रांगेत, थोडं लांब, धाकटी आणि दीर उभे होते, पासबुक घेऊन. दोघांत एक माणूस मावेल एवढं अंतर होतं.

मॅनेजरनं खुर्ची दिली, पेन दिलं. अक्कानं पेन हातात घेतलं आणि त्याच्या टोकानं कागदावरची ती ओळ दाखवली. "बारा आणे नका देऊ. दहा द्या. आठ द्या. पण ही ओळ काढा."

मॅनेजर कागदाकडं बघत राहिला. मग अगदी साधेपणानं म्हणाला, "अक्का, ती ओळ काढली तर पैसे उरत नाहीत. पैसे त्या ओळीचेच आहेत."

"खरं बोललास, पोरा. एवढं खरं या इमारतीत पहिल्यांदा ऐकलं." तिनं पेन टेबलावर ठेवलं. "मग ओळही ठेव आणि पैसेही ठेव. तक्रार राहू दे तिथंच. सावकाश लागू दे निकाल."

ती उठली. बाहेर येऊन तिनं दिराला शोधलं. खिडकीपाशी मान खाली घालून तो उभा होता. आणि मग अक्कानं आपला तो प्रसिद्ध आवाज काढला. ज्या आवाजानं गल्लीतली भांडणं सुरू व्हायची आणि संपायचीही.

"भाऊजी, वर बघा! तुमच्या खात्यातले पैसे तुम्ही काढले नाहीत. माझेही मी काढले नव्हते. ते या बँकेनं कापले, छोट्या खात्यातून, दंड म्हणून. ज्याला खोटं वाटेल त्यानं आपलं पासबुक उघडावं!"

रांगेतल्या एका रिक्षावाल्यानं खरंच उघडलं. मग त्याच्या मागच्या बाईनं. कॅशियरनं हातातल्या नोटा मोजणं थांबवलं आणि पहिल्यापासून सुरू केलं. दिरानं वर बघितलं. धाकटीनं मधलं ते माणसाएवढं अंतर ओलांडलं आणि त्याच्या हातातलं पासबुक आपल्या हातात घेतलं. माफी तिनं मागितली की नाही, कुणी ऐकलं नाही. पण त्या दिवसापासून गोदामातलं अंथरूण वर गेलं.

निकाल अजून लागायचा आहे. लॉजनं निम्म्या गाद्या फोमच्या घेतल्या, सून म्हणाली होती तशाच. उरलेल्या निम्म्यांसाठी अक्का आणि सून तोंडाला फडकी बांधून दुकानासमोर कापूस झोडपत बसल्या. दोन काठ्या, एक ताल. दुसऱ्या दिवशी तिसरी काठी आली. धाकटी न बोलावता आली, फडकं बांधलं, आणि पहिल्याच फटक्याला म्हणाली, "थोरल्या बाई, काठी अशी धरतात का? म्हणून मशीन हवं होतं होय तुम्हाला!"

मग काय. फडक्याआडून दोघींची जी जुंपली ती संध्याकाळपर्यंत. वाटणीपासूनचं सगळं निघालं, गुठळी गुठळी मोकळी होत गेली. दीर रस्त्याच्या पलीकडं उशा भरत ऐकत होता. मुलाचे कान किटले.

"आई, पैसे गेले, मशीन गेलं. आता तरी गप्प बस गं जरा!"

अक्कानं काठी थांबवली, तोंडावरचं फडकं खाली ओढलं आणि विचारलं, "किती देतोस?"