ताईंचा हात आणि बिलांचं मशीन

“चालू झालं! झालं की हो!”

आमच्या खोक्यांच्या कारखान्याचं अख्खं ऑफिस बिलांच्या मशीनभोवती गोळा झालेलं. मधोमध साहेबांचे साडू, डोळे मिटून, पडद्यासमोर तांब्याचा लोलक फिरवत. सकाळपासून मेलेलं मशीन धडाधड बिलं ओकायला लागलं. टाळ्या पडल्या. मी चहाचा कप धरून होतो, म्हणून टाळ्यांतून वाचलो.

लिनक्स प्रणालीवर चालणारी ही नवी कॉम्प्युटर-मशीनं आणि त्यांचं नेटवर्क साडूंनीच बसवलेलं. तेव्हापासून एकच रड. माल रवाना करणाऱ्या डिस्पॅच खात्यातल्या ताईंनी आपलं मशीन लावलं, की बिलांच्या मशीननं मान टाकलीच. साडूंचं निदान तयार होतं. “लिनक्सला व्हायरस लागत नाही. म्हणजे मशीन निर्दोष. मग दोष कुणात? माणसात! ताईंच्या हातात मारक ऊर्जा आहे. आधी त्यांचं मशीन बंद करा, त्यांना बाहेर उभं करा, मग मी शुद्धी करतो.”

ताई दरवेळी मुकाट्यानं फाटकाबाहेर जायच्या. आज साहेबांनी सांगूनच टाकलं, “उद्यापासून येऊ नका.”

मी मागोमाग गेलो. सवयीनं थट्टा केली, “ताई, एकदा आमच्या हिच्या फोनला हात लावून जा ना! घरात शांतता होईल.”

त्या हसल्या नाहीत. “भाऊ, माझी लेक बाळंत झालीय. नातीला मी अजून उचललं नाही. या हातानं मशीन मरतं, तो तर एवढासा जीव. लेक विचारते, आई, तुला नात आवडली नाही का? काय सांगू तिला?”

आयुष्यभर लोकांच्या खोड्या काढल्या, पण असली नीच खोडी पाहिली नव्हती. पुतणीला फोन लावला. कंपन्यांची नेटवर्कं जोडणं हेच तिचं काम. सगळं ऐकून ती फिस्सकन हसली. “काका, त्या बाहेर असतानाच त्यांचं मशीन दुसऱ्या कुणाला लावायला सांग. मग दोन्ही मशीनचे नेटवर्कमधले पत्ते बघ.” पत्ते कुठे दिसतात आणि ते सारखे निघाले तर काय घडलं असणार, तेही सांगितलं.

आत येऊन मी हात जोडले. “साहेब, ताई तर चालल्या. त्यांचं मशीनही शुद्ध करून टाकू. पण बटण तुम्हीच दाबा. तुमच्याइतका पवित्र हात इथे कुणाचा?”

साहेब फुलले. साडू “थांबा, थांबा” म्हणेपर्यंत बटण दाबलंही. खिडकीतून ताई पाठमोऱ्या दिसत होत्या, पार फाटकापलीकडे. इकडे त्यांचं मशीन सुरू झालं आणि तिकडे बिलं थांबली.

मी गळा काढला, “अरे देवा! मारक ऊर्जा साहेबांना लागली! साहेब, चला फाटकाबाहेर!”

कुणीतरी खोकल्यात हसू दडवलं.

“खुर्ची!” साडू ओरडले. “बाईंची ऊर्जा खुर्चीत उरलीय!”

खुर्ची काढली. बिलं थांबलेलीच.

“टेबल!”

“मग भिंत पाडायची का, साडूसाहेब?” मी दोन्ही पडद्यांवर नेटवर्कची माहिती उघडली. “साहेब, आकडे वाचा.”

साहेबांनी वाचले. परत वाचले. “दोन्हीकडे सारखेच आहेत की.”

“तेच तर! प्रत्येक मशीनला आपापला पत्ता लागतो. साडूंनी एक मशीन तयार केलं, त्याचीच नक्कल बाकीच्यांत उतरवली आणि पत्ते बदलले. ताईंचा तेवढा राहिला. दोन घरांना एकच नंबर, तर पोस्टमननं पत्र द्यायचं कुणाला? आपली चूक झाकायला यांनी बाईच्या हाताला दोष लावला. लोलक फिरण्याआधी हे तिचं मशीन बंद करायला लावतात, एवढाच तो चमत्कार!”

साडूंच्या लोलकाचं फिरणं थांबलं.

“पासवर्ड टाका,” साहेब म्हणाले. साडूंनी ताईंच्या मशीनच्या पत्त्याचा शेवटचा आकडा बदलला आणि बिलं पुन्हा निघू लागली. मग मी ताईंचं मशीन बंद करून ठेवलं.

ताईंना बोलावलं, तर हात पाठीमागे लपवून दारातच उभ्या. “नको भाऊ, पुन्हा मरेल.”

“मेलं तर मीही तुमच्याबरोबर घरी बसतो. दाबा!”

त्यांनी दाबलं. बिलं निघतच राहिली. त्यांनी मशीन बंद केलं, पुन्हा लावलं. पुन्हा बंद, पुन्हा चालू. कुणी अडवलं नाही. मग त्या आपल्या तळहातांकडे बघत राहिल्या.

“ताई, उद्या या कामावर,” साहेब पुटपुटले.

“येईन. आत्ता जाऊ द्या. नातीला घ्यायचंय.”

बाबांनो, पुढच्या चमत्काराला टाळ्या वाजवण्याआधी एवढंच बघा, बाहेर कुणाला उभं केलंय. त्याला दोष लावण्याआधी तेच बटण दुसऱ्या कुणाला तरी दाबायला लावा.